रँग्लर परांजपे आणि नातीची वही

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम माझ्याकडे आले, आणि मी नाव निवडले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. वऱ्हाडातल्या बायकांच्या मंडळाला कोकणातल्या या गणितज्ञाचे काय, असे काही भगिनींच्या मनात येईल. त्याचे कारण घरचेच आहे, आणि त्यात माझी चूकही आहे. म्हणून तेच आधी सांगते.

माझी नात इथे अमरावतीलाच बी.एस्सी. झाली. एम्.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेला ती गेल्या वर्षी बसली आणि तिचा क्रमांक फार मागे आला. यंदा पुन्हा बसायचे म्हणून ती रोज पहाटे उठून वही घेऊन बसते. वहीचे तीन भाग आहेत : मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स आणि मॉडर्न फिजिक्स. म्हणजे पदार्थांच्या हालचालीचे शास्त्र, उष्णता आणि काम यांचा हिशेब, आणि अणूच्या पोटातले विज्ञान. दिवाळीत अकोल्याहून माझ्या माहेरची मंडळी आली होती. तेव्हा विषय निघाला, की एक वर्ष वाया गेले, आता बी.एड. करून मोकळी हो. मला विचारले तेव्हा मीही त्यांच्याच बाजूने बोलले. वर आणखी म्हणाले, की एवढे करून तू काही रँग्लर परांजपे होणार नाहीस.

नातीने वही मिटली आणि शांतपणे विचारले, आजी, ते कोण होते?

मला सांगता येईना. आमच्या लहानपणी हिशेबात हुशार असलेल्या पोराला सगळे रँग्लर म्हणत, एवढेच मला ठाऊक. ज्या नावाने मी पोरीचे तोंड बंद केले, त्या माणसाची मला काहीच माहिती नव्हती. मग वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. जे कळले ते आता तिच्याबरोबर तुम्हालाही सांगते.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, मुर्डी या लहानशा गावी झाला. त्याच तालुक्यातले मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. अण्णासाहेब कर्वे नात्याने रघुनाथाचे भाऊ, वयाने अठरा वर्षांनी मोठे. परीक्षा म्हणजे काय हे अण्णासाहेबांना चांगलेच ठाऊक होते. लहानपणी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि तिथे ते दिसायला फारच लहान वाटतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. ज्याला असे परत फिरावे लागले, त्यानेच पुढे आपल्या गावाकडच्या हुशार मुलांना शिक्षणासाठी हात दिला. रघुनाथ त्यांच्यापैकी एक. अण्णासाहेब मुंबईत शिकवण्या आणि शाळेची नोकरी करून संसार चालवीत होते. त्याच ओढग्रस्तीच्या घरात राहून रघुनाथ शिकला. गणिताची गोडीही त्याला तिथेच लागली, कारण अण्णासाहेब स्वतः गणिताचे पदवीधर होते.

१८९१ मध्ये अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि रघुनाथही पुढे फर्ग्युसनचा विद्यार्थी झाला. इथे आपला वऱ्हाड या चरित्रात येतो. त्या वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर. आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण गरिबीमुळे शिक्षणासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागले, आणि १८७५ साली ते मॅट्रिक झाले ते आपल्या अकोल्याहून. तेव्हा वऱ्हाडात महाविद्यालय नव्हते. पुढे शिकायचे तर घर सोडून पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. आगरकरांनी ती धरली, आणि शिकून झाल्यावर मोठ्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरवून ते शाळा-कॉलेजच्या कामाला लागले. १८९५ च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा चाळिशीही आली नव्हती. विद्या मिळवायची ती पोटापुरती नव्हे, आणि कोणतीही गोष्ट विचारल्याशिवाय मान्य करायची नाही, ही त्यांची शिकवण रघुनाथाच्या मनात पक्की बसली. परांजपे जन्मभर बुद्धिवादी राहिले, त्याचे मूळ इथे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत रघुनाथाने पहिला क्रमांक सोडला नाही. १८९६ साली हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून तो विलायतेला गेला आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला.

केंब्रिजमधल्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर ही पदवी, आणि सर्वांत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. नावाला गणित असले तरी त्यात निम्मे पदार्थविज्ञानच असे. भिंतीला टेकून ठेवलेल्या शिडीवर माणूस चढत गेला तर ती कुठे निसटेल? ग्रहाची कक्षा कशी ठरते? पाणी नळीतून कसे वाहते? भिंगातून किरण कसा वळतो? असल्या प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या वेळात भराभर लिहायची. कित्येक दिवस चालणाऱ्या या परीक्षेसाठी मुले खासगी शिक्षक धरीत आणि वर्षानुवर्षे प्रश्न सोडवीत बसत. निकाल जाहीर होई तेव्हा पहिल्याची छायाचित्रे विकली जात. उत्तीर्ण झालेल्यांत जो शेवटचा येई, त्याला त्याचे सोबती एक भली मोठी लाकडी पळी भेट देत. आपल्या स्वयंपाकघरातल्या पळीचा असा अपमान केंब्रिजने १९०९ पर्यंत चालवला.

रघुनाथ तिथे शिकत असतानाच, १८९७ मध्ये, केंब्रिजच्याच प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी अणूपेक्षाही लहान अशा इलेक्ट्रॉनचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या अमरावतीला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले होते. इकडे आपले वाडवडील मंडपात भाषणे ऐकत होते आणि तिकडे नातीच्या वहीतला तिसरा भाग, मॉडर्न फिजिक्स, जन्माला येत होता. रघुनाथाच्या प्रश्नपत्रिकेत तो अजून यायचा होता.

१८९९ च्या जूनमध्ये निकाल लागला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आणि पेम्ब्रोक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल हे दोघे बरोबरीने पहिले आले. या परीक्षेत पहिला आलेला हा पहिलाच हिंदी माणूस. हिंदुस्थानात प्लेगने आणि दुष्काळाने लोक हैराण झालेले, पारतंत्र्याने खाली मान घालून चाललेले. अशा वेळी ही बातमी आली. काळ्या माणसाला बुद्धी कमी, असे मानणाऱ्या राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन त्यांच्याच परीक्षेत आपला मुलगा पहिला आला, याचा आनंद किती झाला असेल! तेव्हापासून रँग्लर हा शब्द मराठीत त्यांच्या नावाला जो चिकटला तो कायमचा.

इथवर वाचून मला वाटले, की मी नातीला बोलले ते बरोबरच होते. पहिला येणारा एखादाच असतो. पण पुढे वाचत गेले आणि तीन गोष्टी कळल्या. त्यांनी माझे मत बदलले.

पहिली गोष्ट चौथ्या क्रमांकाची. रघुनाथाच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, याच परीक्षेत जी. एच. हार्डी नावाचा विद्यार्थी चौथा आला. पुढे तोच इंग्लंडचा मोठा गणितज्ञ झाला आणि आपल्या रामानुजनची पारख त्यानेच केली. रामानुजन तर इकडे कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेले! ही घोड्यांची शर्यत बंद करा, असे म्हणणाऱ्यांत हार्डी पुढे होता, आणि १९०९ नंतर क्रमांक लावण्याची पद्धत केंब्रिजने मोडली. वेगाने उत्तरे लिहिता येणे आणि विषय समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याही ध्यानात आले.

दुसरी गोष्ट एका मुलीची. १८९० साली फिलिपा फॉसेट ही न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजातली विद्यार्थिनी ट्रायपॉसला बसली आणि तिला त्या वर्षीच्या सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले. पण मुलींची नावे वेगळ्या यादीत वाचली जात. म्हणून तिचा क्रमांक सीनियर रँग्लरच्या वर, एवढेच सांगितले गेले. ती पदवी तिला मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये. आपल्याकडचे लोक मागासलेले म्हणून आपण हळहळतो, पण तिकडेही पहिली आलेल्या मुलीला दाराबाहेरच उभे केले होते.

तिसरी गोष्ट खुद्द रघुनाथरावांची, आणि तीच मोठी आहे. पहिला आल्यावर त्यांनी काय केले? १९०१ मध्ये त्यांना आपल्या कॉलेजची फेलोशिप मिळाली. पॅरिस आणि गटिंगेन या युरोपातल्या विद्यापीठांतही ते अभ्यास करून आले. विलायतेत राहिले असते तर मानाची जागा मिळाली असती. इकडे सरकारी शिक्षणखात्यातही मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होण्याचे त्यांनी आधीच ठरवले होते. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक आणि प्राचार्य म्हणून रुजू झाले, तेव्हा वय सव्वीस. आजीव सभासदाचा पगार महिना ७५ रुपये. ज्या खुर्चीवर आगरकर बसले तीच खुर्ची आणि तोच त्याग. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते काम केले.

खरे सांगायचे तर गणिताच्या इतिहासात परांजपे यांच्या नावावर मोठा शोध नाही. हे त्यांचे चरित्र लिहिणाराने लपवू नये. त्यांच्या बरोबरीने पहिला आलेला बर्टविसल केंब्रिजमध्येच राहिला. त्याने १९२५ मध्ये थर्मोडायनॅमिक्सवर, १९२६ मध्ये अणूच्या क्वांटम सिद्धांतावर आणि १९२८ मध्ये नव्या क्वांटम मेकॅनिक्सवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तके लिहिली. माझ्या नातीच्या वहीतले तिन्ही विषय त्यात आले. एक वर्षाने, १९२९ मध्ये, तो वारला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच परीक्षेत पहिले आलेले हे दोघेही शेवटी शिक्षकच झाले. एकाने पुस्तके लिहिली, दुसऱ्याने कॉलेज उभे केले. आम्ही मात्र दिवाळीत बसून म्हणत होतो, की एवढे शिकून शेवटी मास्तरीणच होणार ना!

नातीने मला थर्मोडायनॅमिक्सचा एक प्रश्न समजावून सांगितला, तो इथे देण्याजोगा आहे. अकोल्याला माझ्या आजोळाजवळ सरकी काढण्याचे जिन होते. वऱ्हाडात कापसाचे जिन-प्रेस पूर्वी वाफेच्या इंजिनावर चालत. त्या इंजिनात जाळलेल्या कोळशाची सगळी उष्णता कामी येते का? नाही. वाफ २२७ अंशांवर असेल आणि बाहेरची हवा २७ अंशांवर, तर कितीही उत्तम इंजिन बनवले तरी शंभरातली चाळीस भागच उष्णता कामात उतरेल. उरलेली साठ बाहेर सोडावीच लागेल. कारागीर वाईट म्हणून नव्हे, तो सृष्टीचाच नियम आहे. इंजिन त्याहून कमीच काम देते, जास्त कधीच नाही.

मी विचारले, मग जे साठ गेले ते वाया ना? ती म्हणाली, त्यांना सोडल्याशिवाय इंजिनाचे चाक फिरणारच नाही. मला ते पटले. परीक्षेच्या अभ्यासातलाही मोठा भाग दिसायला वाया जातो. परांजपे यांनी सोडवलेल्या हजारो प्रश्नांतले पुढे किती उपयोगी पडले असतील? पण त्यांच्याशिवाय ते चाक फिरले नसते.

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचा भाग. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या घरात वाढलेल्या रघुनाथाने ते दुःख जवळून पाहिले. पुढे १९१६ साली अण्णासाहेबांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिकवायचे असे ठरवले, तेव्हा पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. त्या नव्या विद्यापीठाचे कुलगुरुपद विनावेतन कोणी घेतले? रँग्लर परांजपे यांनी. १९२० पर्यंत त्यांनी ते सांभाळले. त्याच साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. केंब्रिजने ज्या वर्षी स्त्रियांना पदवी नाकारलेलीच होती, त्या वर्षी केंब्रिजमध्ये पहिला आलेला हा माणूस इकडे स्त्रियांच्या विद्यापीठाचा कुलगुरू होता. मला तर सीनियर रँग्लर या पदवीपेक्षा हे मोठे वाटते.

१९२१ ते १९२३ ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला वाट करून देणारा १९२३ चा कायदा त्यांच्याच काळात झाला. त्याच १९२३ साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच आजचे शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. आगरकरांना ज्यासाठी वऱ्हाड सोडावा लागला होता, ते दार अखेर आपल्या अंगणात उघडले. पुढे परांजपे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते, आणि उतारवयात १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. क्रिकेटची त्यांना फार हौस. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचे वृत्त त्यांनी इंग्रजीत लिहिले, तेव्हा त्यालाही नाबाद चौऱ्याऐंशी अशा अर्थाचे नाव दिले. ६ मे १९६६ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन ते गेले.

त्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे. त्या १९०६ मध्ये जन्मल्या. वडिलांनी मुलीला गणितच शिकवले आणि केंब्रिजला पाठवले, तेही फिलिपा फॉसेटच्याच न्यूनहॅम कॉलेजात. तिथली गणिताची परीक्षा देऊन त्या १९२९ मध्ये बाहेर पडल्या. पुढे कुटुंबनियोजनाच्या कामासाठी गावोगाव हिंडल्या, लोकांची निंदा सोसली, विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. बायकांना उठता-बसता बाळंतपणे सोसावी लागत त्या काळात त्यांनी हे काम केले. सीनियर रँग्लरची मुलगी म्हणून तिनेही पहिलेच आले पाहिजे, असा हट्ट धरल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. शिकायचे, आणि शिकलेले कामाला लावायचे, एवढीच त्या घरची रीत होती.

हे सारे वाचून झाल्यावर मी नातीला जवळ बोलावले. तुला रँग्लर परांजपे व्हायची गरज नाही असे मी पुन्हा सांगितले, पण या वेळी अर्थ वेगळा होता. पुन्हा परीक्षेला बस, क्रमांक कितवाही येवो. बी.एड. करायचे तर तेही कर, पण मन मारून नको. वऱ्हाडातल्या शाळेत मुलींना शिडीचा प्रश्न समजावून सांगणारी बाई हवी आहे, आणि ती स्वतः तो पुरा समजलेली हवी. ती हसली. आता पहाटे तिच्यासाठी चहा मी करते. ती वहीतले काही मला मोठ्याने वाचून दाखवते. अंधूक निळ्या प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन निघतात आणि लख्ख तांबड्या प्रकाशाने निघत नाहीत, याचे कारण आईन्स्टाईनने १९०५ मध्ये सांगितले, ते मला आता थोडे समजते. उजेड किती आहे यापेक्षा त्यातला एकेक कण किती जोराचा आहे, यावर ते अवलंबून असते.

शेवटी एक विनंती. मंडळाची खोली संध्याकाळी सहानंतर बंदच असते. आपल्या आळीत अशा आणखी मुली आहेत. कोणाच्या घरात जागा नाही, कोणाच्या घरात टी.व्ही.चा आवाज, कोणाला पोळ्या लाटता लाटता पाठ करावे लागते. खोलीत दोन टेबले, चार खुर्च्या आणि चांगला दिवा ठेवून रोज दोन तास ती या मुलींसाठी उघडी ठेवावी. किल्ली सांभाळायचे काम मी घेते. कर्व्यांच्या घरात रघुनाथाला तरी याहून जास्त काय मिळाले होते? बसायला जागा, आणि अभ्यास कर म्हणणारे एक माणूस.